लिहायचे 'भाषा', म्हणायचे 'फिअसा'

तुमचा प्रश्न असा: तीन वर्षांसाठी कंबोडियाच्या राजधानीत, फ्नॉम पेन्हला जायचे आहे, सोबत आठ वर्षांची मुलगी आहे. तिथे इंग्रजीवर भागेल का? तिथली भाषा खमेर, ती शिकायचीच झाली तर लिपी शिकावी की नुसते बोलणे पुरे? देवनागरीत लिहून घेऊन पाठ केले तर चालेल का? आणि किती दिवस लागतील?

मी नऊ वर्षे कंपाँग छ्नांग प्रांतात पिण्याच्या पाण्याच्या कामावर होते. त्यानंतर आजवर नव्याने येणाऱ्या भारतीय नि नेपाळी सहकाऱ्यांना खमेर शिकवत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते.

इंग्रजीवर भागते. फ्नॉम पेन्हमधल्या कचेऱ्या, मोठी दुकाने, रुग्णालये, तुमच्या मुलीची शाळा, सगळीकडे काम होईल. पण घरमालकाची आई, बाजारातली भाजीवाली, शेजारचा टुकटुकवाला यांच्याशी तीन वर्षे हातवारे करत राहावे लागेल, आणि तीच माणसे तुमच्या रोजच्या आयुष्यात असणार. त्यामुळे शिका. आणि लिपीपासून सुरुवात करा, पहिल्या दिवसापासून. आधी बोलणे, मग वाचन, हा सल्ला तुम्हाला इंग्रजी पुस्तकांत मिळेल. तो युरोपातून येणाऱ्यांसाठी ठीक आहे. मराठी माणसासाठी तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

कारण खमेरची वर्णमाला तुम्हाला आधीच पाठ आहे. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, मग टवर्ग, तवर्ग, पवर्ग, य र ल व, आणि शेवटी स ह ळ अ. क्रम हाच. दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून ती लिपी निघाली आणि खमेर भाषेतला तारीख असलेला सर्वांत जुना शिलालेख इ.स. 611चा आहे, अंगकोर बोरेई इथला. त्या काळचे शिलालेख शक संवतात कालगणना करतात, म्हणजे आपल्या पंचांगावर आजही छापतो तोच शक. 'ह'नंतर 'ळ' पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. उच्चार त्याचा आता साधा 'ल' आहे, पण जागा तीच. श आणि ष मात्र वापरातून गेले, सगळीकडे स आला. म्हणून आजची व्यंजने 33.

आता खरी मेख. अक्षरे ओळखीची, पण उच्चार हलले आहेत, आणि कसे हलले हे एकदा नीट समजले की अर्धी भाषा हातात येते. शाळेत आपण घोष (ग, ज, द, ब यांसारखे) आणि अघोष (क, च, त, प यांसारखे) वर्ण पाठ केले, परीक्षेपुरते, मग विसरलो. ते आता बाहेर काढा. शेकडो वर्षांपूर्वी खमेरमध्ये क आणि ग हे आपल्यासारखेच वेगळे होते. पुढे ग, ज, द, ब यांचा घोष गेला. ग-चा क झाला, घ-चा ख झाला. मग 'का' आणि 'गा' एकच व्हायला हवे होते. तसे झाले नाही, कारण व्यंजनातला फरक जाता जाता स्वरात उतरला. आज दोन्ही व्यंजने 'क'च आहेत, पण अघोष अक्षराला लावलेला काना 'आ' असा वाचतात आणि घोष अक्षराला लावलेला तोच काना 'इअ' असा. खमेर व्याकरणात या दोन गटांची नावे अजूनही अघोष आणि घोष हीच आहेत, उच्चार तेवढे 'अखोसा' आणि 'खोसा'.

शीर्षकातला शब्द पाहा. खमेरमध्ये 'भाषा' हा शब्द भ-ला काना, स-ला काना असाच लिहितात. भ घोष, म्हणून त्याचा काना 'इअ'. स अघोष, म्हणून त्याचा काना 'आ'. उच्चार 'फिअसा'. एका शब्दात दोन काने, दोन उच्चार. हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मी शिकवताना पहिला तास यावरच घालवते.

ही गोष्ट उच्चाराच्या बारकाव्याची नाही, अर्थाची आहे. त-ला काना दिला की 'ता', म्हणजे आजोबा. द-ला काना दिला की 'तिअ', म्हणजे बदक. रोमन अक्षरांत लिहून शिकलेल्याला हे दोन शब्द वेगवेगळे पाठ करावे लागतात, आणि त्या भाषेत स्वर तीसच्या आसपास असल्याने पाठांतराला अंत राहत नाही. लिपीतून शिकलेल्याला मात्र नियम दिसतो: एकच खूण, दोन गट. काना-मात्रा काहीच नसताना येणारा अघोषातला मूळ स्वर 'ऑ'कडे झुकतो, घोषातला 'ओ'कडे. गट ओळखायला मराठी माणसाला दहा मिनिटे लागतात, कारण ते आपल्याच वर्णमालेत दिलेले आहेत. तीन अपवाद आधी सांगून ठेवते, ण, ह आणि ळ. आपल्याकडे ते घोष आहेत, तिथे अघोष गटात बसतात.

पवर्गात आणखी एक उलटापालट आहे. आपल्या प-च्या जागेवरच्या अक्षराचा उच्चार आता 'ब' असा आहे, तर आपल्या ब-च्या जागेवरच्या अक्षराचा 'प'. पुरुष म्हणजे 'बोरोः', बुधवारातला बुध म्हणजे 'पुत'. पहिल्या महिन्यात सगळे इथे अडखळतात. जोडाक्षरात मात्र प तसाच राहतो, म्हणून प्रदेश हा शब्द, जो तिथे 'देश' या अर्थी आहे, 'प्रॉतेः' असाच ऐकू येतो. आणि एकट्या अक्षरालाच 'प' म्हणायचे असेल तर डोक्यावर दोन बारीक रेघा देतात. त्या खुणेचे नाव मूषिकदन्त, उंदराचे दात! दिसायलाही तशीच आहे. न उच्चारायच्या अक्षरावर जी खूण येते तिचे नाव दण्डघात. ही नावे मला पहिल्यांदा समजली तेव्हा खमेर शिकणे माझ्यासाठी काम राहिले नाही, ओढ झाली.

देवनागरीत लिहून घेण्याबद्दल: दोन आठवडे घ्या, तिसऱ्या आठवड्यात बंद करा. देवनागरी रोमनपेक्षा पुष्कळ बरी. क आणि ख वेगळे राहतात, ङ आणि ञ लिहिता येतात, जोडाक्षरे लिहिता येतात. पण खमेरचे स्वर तिच्यात मावत नाहीत. मी या उत्तरात दिलेले उच्चारही कामचलाऊच आहेत. शिवाय शब्दाच्या शेवटचे क, त, प तिथे तोंडातच अडवतात, बाहेर सोडत नाहीत. आपण 'हात' म्हणताना त किंचित सुटतो, तो सोडायचा नाही. शेवटचा र बोलतच नाहीत, शेवटचा स 'ह'सारखा होतो. हे कानाने शिकायचे. शब्दाच्या सुरुवातीचा ङ जमत नसेल तर 'रंग' म्हणा, शेवटी जीभ जिथे टेकते तिथे थांबा आणि तिथूनच पुढचा शब्द सुरू करा.

वाचायला लागल्यावर दोन अडचणी येतील. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती वाक्यखंडाच्या शेवटी येते, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे डोळ्याला शिकवावे लागते. आणि दुकानांच्या, देवळांच्या, सरकारी पाट्या गोल वळणाच्या 'मूल' अक्षरांत असतात, ती पुस्तकातल्या अक्षरांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की महिनाभर वाचणारा माणूसही रस्त्यावर गोंधळतो. त्याने खचू नका. एकेक पाटी घ्या. रोज त्याच रस्त्याने जात असाल तर 'साला' (शाळा) आणि 'फ्सा' (बाजार) हे दोन शब्द आठवडाभरात डोळ्यात बसतात, आणि मग पाट्या आपोआप उलगडायला लागतात. जोडाक्षराचे दुसरे अक्षर पायाखाली लिहितात. त्याला ते लोक 'चअंग' म्हणजे पायच म्हणतात.

संस्कृत शब्दांची ओळख तुम्हाला पदोपदी भेटेल. वारांची नावे नवग्रहांची: मंगळवार 'अंगार' या शब्दावरून, 'थ्ङाय अङ्किअ' (थ्ङाय म्हणजे दिवस). अंगारकी चतुर्थी माहीत असलेल्याला तो वेगळा पाठ करावा लागत नाही. महिने तर राशींवरून आहेत. जानेवारी 'मकरा', कारण सूर्य तेव्हा मकरेत शिरतो, आपली संक्रांत. फेब्रुवारी कुंभ, मार्च मीन, एप्रिल 'मेसा', म्हणजे मेष, आणि त्यांचे नववर्षही एप्रिलच्या मध्याला, सूर्य मेषेत जाताना. ऑक्टोबर तुला, नोव्हेंबर वृश्चिक, डिसेंबर 'थ्नू', धनु. बारा राशी पाठ असतील तर बारा महिने एका संध्याकाळी येतात. गुरू म्हणजे 'क्रू', शिक्षक. विद्यापीठ म्हणजे 'साकल वितिअलाय', सकल विद्यालय. धन्यवाद म्हणजे 'ऑकुन', त्यातला 'कुन' म्हणजे आपला गुण.

पण इथेच मी प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला सावध करते. हे शब्द वर्तमानपत्राचे, कचेरीचे, धर्माचे. आपण त्यांच्या ओळखीवर इतके खूश होतो की खरी खमेर शिकायची राहून जाते. भाषण समजते, पण स्वयंपाकघरातले बोलणे समजत नाही. पाणी, भात, मासा, पाऊस, जाणे, येणे, झोपणे, दुखणे, हे सगळे शब्द मूळचे खमेर आहेत आणि त्यांचे कूळ संस्कृताचे नाही. खमेर ऑस्ट्रोआशियाई कुळातली, व्हिएतनामी, खासी, संथाळी यांची नातलग. आपल्या मेळघाटातली कोरकूसुद्धा याच कुळातली. संथाळीत तीन, चार म्हणजे 'पे, पोन'. खमेरमध्ये 'बै, बुअन'. दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरचे हे नाते आहे. आणि थाई किंवा व्हिएतनामीसारखे शब्दाचा अर्थ बदलणारे सूर खमेरमध्ये नाहीत, ही आपल्यासाठी मोठी सोय.

म्हणून शब्द देठासकट गोळा करा. मला 'तिक' हा शब्द सगळ्यांत प्रिय आहे. तिक म्हणजे पाणी. तिक-त्रै, माशाचे पाणी, म्हणजे त्यांच्या जेवणातला तो खारट माशाचा अर्क. तिक-ख्मुम, मधमाशीचे पाणी, म्हणजे मध. तिक-फ्नेक, डोळ्याचे पाणी, म्हणजे अश्रू. तिक-मुक, मुखाचे पाणी, म्हणजे चेहऱ्यावरचा भाव. तिक-चेत, चित्ताचे पाणी, म्हणजे मनातला भाव, जीव लावणे. आणि तिक-डै, पाणी आणि जमीन, म्हणजे देशाची भूमी. पाण्याच्या कामावर असल्याने हा शब्द दिवसातून शंभरदा माझ्या तोंडी यायचा आणि दर महिन्याला त्याची नवी जोडणी सापडायची.

भाताचेही तसेच. शेतातला तो 'स्रौ', कांडलेला तांदूळ 'अङ्कॉ', शिजलेला 'बाय'. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, इंग्रजी बोलणाऱ्याला सांगावे लागते. आणि भेटल्यावर विचारतात, 'ञाम बाय हाय रू नौ?' जेवण झाले का, की अजून नाही? उत्तराला फार अर्थ नसतो, विचारण्याला असतो. तुम्हाला ते नवीन वाटणार नाही.

व्याकरण सोपे आहे, आणि 'सोपे' हा शब्द मी जपून वापरते. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापदाची रूपे नाहीत. काल असो वा उद्या, क्रियापद तेच. 'हाय' लावले की झाले, 'नङ' लावले की होणार. विशेषण नामाच्या मागून येते: घर मोठे, बाजार नवा. नकार क्रियापदाच्या दोन्ही बाजूंनी, आधी 'मिन', शेवटी 'ते'. बोलताना 'मिन'ऐवजी सर्रास 'अत्' ऐकू येईल, पुस्तकात ते कमी दिसते. लक्ष द्यायचे ते जोडक्रियापदांकडे. 'योक मोक' म्हणजे घेऊन ये, 'योक तऊ' म्हणजे घेऊन जा, अगदी आपल्यासारखे. शोधणे आणि सापडणे मात्र दोन क्रियापदे शेजारी ठेवून सांगतात, 'रोक खअञ', शोध-दिस. आणि सापडले नाही तर नकार मधोमध बसतो: 'रोक मिन खअञ', शोध-नाही-दिस. आडवा झालो पण झोप लागली नाही, हेही तसेच: 'डेक मिन लुअ'. प्रयत्न केला तो खरा, फळ आले नाही, ही गोष्ट त्या वाक्याच्या रचनेतच आहे. दवाखान्यात या रचनेविना तुम्हाला स्वतःचे दुखणे सांगता येणार नाही.

शब्दाच्या पोटात अक्षरे घालून नवा शब्द करायची जुनी रीतही आहे. 'डाअ' म्हणजे चालणे, 'डॉमनाअ' म्हणजे प्रवास. 'सुअ' म्हणजे विचारणे, 'सॉमनुअ' म्हणजे प्रश्न. 'काअत' म्हणजे जन्मणे, 'कॉमनाअत' म्हणजे जन्म. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे ओळखू यायला लागले की शब्दसंपत्ती झपाट्याने वाढते.

आता संबोधने, कारण चूक इथे मनाला लागते. समोरच्याला 'तू-तुम्ही' असे एका सर्वनामाने बोलवत नाहीत, नात्याने बोलवतात. थोडा मोठा किंवा मोठी दिसली तर 'बॉङ', दादा-ताई दोन्ही त्यातच. लहान असेल तर 'ओऊन'. आईपेक्षा लहान वाटणारी बाई 'मिङ', तसा पुरुष 'पू'. आईवडिलांहून मोठे ते 'ओम'. आजोबा 'ता', आजी 'यिएय'. भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच जमते, फक्त वयाचा अंदाज पटकन बांधायची सवय करावी लागते. कचेरीत पुरुषाला 'लोक', बाईला 'लोक स्रै'. हो म्हणायला पुरुष 'बात' म्हणतात, बायका 'चाः'. मुलीला तिच्या वडिलांचे ऐकून 'बात' म्हणू देऊ नका.

'मित्त' हा आपला मित्र तिथेही आहे, पण त्या शब्दाने कुणाला हाक मारू नका. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत सगळ्यांना एकमेकांना असेच संबोधावे लागे, नाती पुसण्यासाठी. साठीपुढच्या माणसांच्या कानात तो शब्द अजून त्याच आवाजात असतो. मी ज्यांच्या घरी राहिले त्या आजींनी मला हे एकदाच सांगितले, शांतपणे, आणि पुढे चूल फुंकत राहिल्या. मी तो शब्द परत तोंडातून काढला नाही.

खाण्याची क्रियापदेही माणूस पाहून बदलतात. रोजचे 'ञाम'. खेड्यात 'होप'. पाहुण्याला आग्रह करताना 'पिसा'. भिक्खू जेवतात त्याला 'छान', राजा जेवतो त्याला 'साओय'. आणि 'सी' हे जनावरांसाठी किंवा अगदी सलगीतल्या मित्रांत. आपल्याकडे गिळणे आणि जेवणे यांत जे अंतर आहे तेच. तुम्ही आधी 'ञाम' आणि 'पिसा' एवढे दोन घट्ट करा.

आकडे लवकर शिका, पैशांमुळे. पाचापर्यंत मोजून पुढे पाच-एक, पाच-दोन असे जातात: 'प्राम' म्हणजे पाच, 'प्राम-मुय' सहा. दहा हजाराला वेगळा शब्द आहे, 'मून', आणि लाखालाही, 'सेन'. लाखात विचार करायची आपली सवय तिथे उपयोगी पडते. एका डॉलरला साधारण 4000 रिएल, आणि दोन्ही चलने एकाच व्यवहारात फिरतात, म्हणून 'पी मून' ऐकले की 20,000 रिएल, म्हणजे पाच डॉलर, हे डोक्यात पटकन उमटले पाहिजे.

फ्नॉम पेन्हचे म्हणून एक: तिथले लोक बोलताना र गिळतात. 'रिअन' (शिकणे) 'हिअन' होते, 'प्राम' 'पेआम'सारखे ऐकू येते, 'त्रै' (मासा) मधला र जातो आणि आवाज खाली बुडी मारून वर येतो. शिक्षक वर्गात स्पष्ट र म्हणतील, बाहेर पडताच तो नाहीसा होईल. दोन्ही ऐकायला शिका, बोलताना मात्र र ठेवा. परक्याने र ठेवून बोलले तर कुणाला खटकत नाही, आणि बत्तांबांग किंवा कंपाँग चामला गेलात तरी तुमचे बोलणे समजते.

किती दिवस? अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी खमेरला 1100 तासांच्या आसपास धरतात, तेही पूर्णवेळ. आपल्याला लिपी, महाप्राण आणि शब्दसाठा यांची मदत आहे. रोज एक तास शिक्षकासोबत आणि एक तास बाजारात, असे केले तर माझ्या विद्यार्थ्यांना महिनाभरात अक्षरे, तीन-चार महिन्यांत बाजार नि घर, वर्षभरात शेजाऱ्यांशी गप्पा जमल्या आहेत. वर्तमानपत्र दुसऱ्या वर्षी. आठवड्यातून एकदाच तास लावणाऱ्यांना तीन वर्षांतही बाजाराच्या पुढे जाता आलेले मी पाहिलेले नाही. शिक्षक निवडताना एकच पाहा, तो पहिल्या तासाला फळ्यावर अक्षरे लिहितो का.

मुलीला वेगळी शिकवणी लावू नका. खाली अंगणात इमारतीतली मुले खेळत असतील तिथे तिला सोडा, आणि जाताना एवढे शिकवून पाठवा: स्वतःपेक्षा मोठ्यांना 'बॉङ' म्हणायचे. सहा महिन्यांनी ती र गिळून बोलायला लागेल. तिला दुरुस्त करू नका, ती बरोबर बोलत असेल. तुमच्या वहीतला एखादा शब्द अडला तर तो तिला वाचून दाखवा आणि ती कसा म्हणते ते ऐका.